तिकिटाचा नफा आणि दुकानाचा नफा

(तिसगाव, जि. अहिल्यानगर येथील एका कापड व्यापाऱ्याच्या लेखणीतून)

२०२५ च्या फेब्रुवारीत, रमजान सुरू होण्याच्या काही दिवस अगोदर, पुण्यात नोकरी करणारा माझा पुतण्या तिसगावला आला. दुकानात ईदसाठी माल भरण्याची आमची तयारी चालली होती. त्याने ४२ हजार रुपये गल्ल्याशेजारी ठेवले आणि म्हणाला, "चाचा, यात रेडिमेड कुर्त्यांचा माल भरा. नफ्यात माझा हिस्सा धरा." मुलगा कमावता झाला, घरच्या धंद्यात पैसा घालतो आहे, याचा मला आनंद झाला. सहज विचारले, "बोनस मिळाला काय?" त्यावर त्याने जी हकीकत सांगितली ती ऐकून मी ते पैसे गल्ल्यात टाकले नाहीत.

हकीकत अशी. नवी मुंबईत कोल्डप्ले नावाच्या इंग्रजी वाद्यवृंदाचा कार्यक्रम होता. पुतण्याने साडेचार हजारांची चार तिकिटे घेतली, म्हणजे १८ हजार रुपये गुंतवले. कार्यक्रम जवळ आला तसा एकेक तिकीट १५ हजारांना विकले. ६० हजार आले. घातलेले १८ हजार वजा जाता ४२ हजार उरले.

मी पैसे बाजूला सारले तेव्हा तो रागावला. म्हणाला, "चाचा, तुम्ही तीनशेचे कापड साडेचारशेला विकता, त्याला व्यापार म्हणायचे. मी साडेचार हजारांचे तिकीट पंधरा हजारांना विकले, तर तो काळाबाजार. हे कसे? मी कोणाच्या गळ्यावर सुरी ठेवली नव्हती. घेणाऱ्याने राजीखुशीने घेतले."

बांधवांनो, तीस वर्षे दुकानात बसूनही मला त्या क्षणी उत्तर देता आले नाही. हे खेडवळ दुकानदाराचे घरगुती भांडण नाही. नफा केव्हा आपला आणि केव्हा दुसऱ्याचा, हा प्रश्न आपणा सर्व व्यापारी-कारागिरांच्या रोजच्या रोजीचा आहे. म्हणून हा लेखप्रपंच. गाण्याबजावण्याच्या कार्यक्रमाला जावे की जाऊ नये, हा वेगळा मसला आहे आणि तो सांगणारे जाणकार वेगळे आहेत. येथे विचार फक्त सौद्याचा आहे.

प्रकार काय घडला?

या कार्यक्रमाची तिकीटविक्री २२ सप्टेंबर २०२४ रोजी दुपारी बुकमायशो या संकेतस्थळावर सुरू झाली. दर अडीच हजारांपासून ३५ हजारांपर्यंत होते. कंपनीनेच सांगितल्याप्रमाणे एक कोटी तीस लाखांहून अधिक लोक तिकिटासाठी तुटून पडले. डी. वाय. पाटील स्टेडियमवरील जागा मात्र तिन्ही दिवसांच्या मिळून फार तर लाख-दोन लाख. काही वेळातच 'हाऊसफुल्ल'ची पाटी लागली. आणि लगेच दुसऱ्या संकेतस्थळांवर, व्हॉट्सअॅप आणि टेलिग्रामच्या गटांवर तीच तिकिटे अनेक पटींनी, काही तर लाखांच्या भावाने दिसू लागली. आपला अशा फेरविक्रीशी संबंध नाही, असे बुकमायशोने जाहीर केले. एका वकिलाच्या तक्रारीवरून मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने कंपनीच्या प्रमुखांना चौकशीसाठी बोलावले. ऑक्टोबर २०२४ मध्ये सक्तवसुली संचालनालयाने दिल्ली, मुंबई, जयपूर, चंडीगड आणि बंगळूरु येथे छापे घातले. त्यात दिलजीत दोसांझ यांच्या कार्यक्रमाच्या तिकिटांचाही विषय होता. काळ्या भावाच्या तिकिटांबरोबर बनावट तिकिटेही विकली जात असल्याचे त्यातून पुढे आले.

हा प्रकार आजचा नाही. लहानपणी मढीच्या यात्रेत तंबूतील सिनेमा येत असे. खिडकीवर मोठी मुले दांडगाई करून दहा-दहा तिकिटे घेत आणि आम्हा लहानांना दुप्पट दराने विकत. शहरातील थिएटरबाहेर "दस का बीस" पुटपुटत फिरणारा माणूस आमच्या पिढीने पाहिलेला आहे. फरक एवढाच की पूर्वी खिडकीशी दंडाचे बळ चाले, आता संगणकाच्या प्रोग्रामचे बळ चालते. एक प्रोग्राम माणसापेक्षा कितीतरी वेगाने रांगेत घुसतो आणि शेकडो तिकिटे उचलतो.

कायदा काय म्हणतो?

मैफलीच्या तिकिटांच्या फेरविक्रीसाठी देशभर लागू असा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. मुंबई उच्च न्यायालयात याबाबत जनहित याचिका दाखल झाली होती. जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने ती फेटाळली. धोरण ठरविणे हे विधिमंडळाचे व सरकारचे काम आहे, असा त्याचा आशय होता. म्हणजे न्यायालयाने काळाबाजार चांगला ठरविला नाही; नियम करण्याचे काम ज्याचे त्याने करावे, असे सांगितले.

इतर देशांनी पावले उचलली आहेत. जपानने २०१९ मध्ये मूळ किमतीहून जास्त दराने विनापरवाना फेरविक्रीला बंदी घातली. आयर्लंडने २०२१ मध्ये तसाच कायदा केला. अमेरिकेने २०१६ मध्ये प्रोग्राम वापरून तिकिटे उचलण्यावर बंदी आणली. इंग्लंडमध्ये फुटबॉलच्या तिकिटांची परवानगीशिवाय फेरविक्री १९९४ च्या कायद्यानेच गुन्हा आहे, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तेथील सरकारने मैफलींच्या तिकिटांसाठीही मूळ किमतीहून जास्त दराच्या फेरविक्रीवर बंदी आणण्याचे जाहीर केले.

परंतु कायद्यात मनाई नाही, एवढ्याने व्यापाऱ्याचे समाधान होऊ नये. मापात एक बोट कमी देणारा कायद्याच्या हाती क्वचितच सापडतो. तरी त्याला आपण ईमानदार म्हणत नाही.

दुकानदाराचा नफा कशाचा?

पुतण्याच्या प्रश्नाला उत्तर शोधताना मी प्रथम माझाच नफा तपासला. इचलकरंजीचे, मालेगावचे किंवा सुरतेचे कापड तिसगावच्या माणसाच्या दारात आपोआप येत नाही. मी तेथे जातो, माल पारखतो, रोख भरतो. माल करंजी घाटातून येतो, त्याचे भाडे-हमाली देतो. मग तो तागा महिनोन् महिने फळीवर पडून राहतो. रंग उडाला, कसर लागली, फॅशन बदलली तर नुकसान माझे. गिऱ्हाईक एक मीटर मागते, त्याला एक मीटर फाडून देतो. सुगी आल्यावर पैसे देणाऱ्या शेतकऱ्याला उधारी देतो, त्यातली काही बुडते. लग्नाचा बस्ता बांधून नेलेल्यातील चार नग परत आले तर घेतो. तीनशे आणि साडेचारशे यांच्यामधल्या दीडशेत हे सगळे आहे.

पुतण्या म्हणाला, "जोखीम मीही घेतली. कार्यक्रमाच्या दिवसापर्यंत तिकीट खपले नसते तर तो कागद कचऱ्यातच गेला असता. शिवाय अर्धा दिवस संगणकापुढे बसलो." त्याचे म्हणणे खोटे नव्हते. जोखीम होती, मेहनतही होती. परंतु जोखीम जुगाऱ्यालाही असते, आणि मेहनत खिसेकापूही करतो. केवळ जोखमीने नफा हलाल होत नाही. त्या मेहनतीने गिऱ्हाइकाच्या पदरात काय पडले, हे पाहिले पाहिजे.

तेव्हा मला एक साधी कसोटी सुचली. मी मध्ये नसतो तर गिऱ्हाइकाचे काय झाले असते? मी नसतो तर तिसगावच्या माणसाला दोन मीटर कापडासाठी इचलकरंजी गाठावी लागली असती. म्हणजे माझ्यामुळे त्याचे काम सोपे झाले. पुतण्या मध्ये नसता तर? ती चार तिकिटे त्याच रांगेतील पुढच्या चार जणांना, त्याच क्षणी, साडेचार हजारांनाच मिळाली असती. त्याने तिकीट कोठून आणले नाही, वाढविले नाही, सुधारले नाही. तो रांगेत उभा राहिला तेवढ्याने तिकीट महाग झाले.

कोणी म्हणेल, भाव बाजार ठरवितो. ज्याला जास्त गरज तो जास्त देईल, यात वाईट काय? परंतु जास्त देणाऱ्याला जास्त आवड असते असे नाही. त्याच्याकडे जास्त पैसा असतो, एवढेच सिद्ध होते. कार्यक्रम ठेवणाऱ्याने अडीच हजारांचे तिकीट मुद्दाम ठेवले ते साध्या माणसालाही येता यावे म्हणून. त्याला भाव वाढवून लिलाव करता आला असता. त्याने सोडलेला तो पैसा गिऱ्हाइकासाठी सोडला होता. मधल्या माणसासाठी नव्हे.

फिकहाचे म्हणणे

याबाबत आपल्या बुजुर्गांनी फार बारीक विचार केलेला आहे. मी आलिम नाही; उर्दू शाळेत शिकलो आणि पुढे वाचले-ऐकले ते नम्रपणे मांडतो.

पहिली गोष्ट, शरीअतने नफ्याची टक्केवारी बांधून दिलेली नाही. मदीन्यात महागाई झाली तेव्हा लोकांनी भाव ठरवून देण्याची विनंती केली असता प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी ते केले नाही, हे प्रसिद्ध आहे. मात्र त्याच बाजारात काही गोष्टींना सक्त मनाई होती. माल अडवून ठेवणे, म्हणजे इहतिकार. गावाबाहेर जाऊन येणाऱ्या काफिल्याला वाटेतच गाठणे आणि बाजारभाव कळण्याआधी माल उचलणे. घ्यायचे नसताना भाव चढविण्यासाठी खोटी बोली लावणे. जी वस्तू आपल्या ताब्यात नाही ती विकणे.

इहतिकाराविषयी इमामांत मतभेद आहेत. काहींनी तो धान्य-चाऱ्यापुरता मानला. इमाम अबू युसूफ यांनी मात्र जी वस्तू अडविल्याने लोकांना त्रास होतो अशा प्रत्येक वस्तूला तो लागू केला. मैफलीच्या तिकिटावाचून कोणाची चूल विझत नाही, हे मी मान्य करतो. म्हणून केवळ त्या आधारावर पुतण्याला दोष देणे मला पटले नाही.

परंतु दुसरी एक गोष्ट मला तंतोतंत लागू पडणारी वाटली. तिकीट म्हणजे वस्तू नव्हे. एका जागेचा काही तासांचा उपयोग भाड्याने घेणे होय. आणि भाड्याविषयी हनफी फिकहात स्पष्ट सांगितले आहे. घेतलेली जागा दुसऱ्याला त्याच चलनात जास्त भाड्याने दिली, तर जादा रक्कम पाक नाही, ती सदका करावी. मात्र भाडेकरूने त्या जागेत स्वतःची काही भर घातली असेल, दुरुस्ती-सोय केली असेल, तर हरकत नाही. इतर काही इमामांनी याला मुभा दिली आहे, हेही सांगितले पाहिजे. पण हनफींच्या म्हणण्यातील मर्म पाहा. प्रश्न जास्त घेण्याचा नाही; जास्त घेण्याआधी तू काय भर घातलीस, हा आहे. शेकडो वर्षांपूर्वीचा हा प्रश्न आजच्या संकेतस्थळालाही विचारता येतो.

आणि ज्यांनी हातात तिकीट नसतानाच "देतो" म्हणून पैसे घेतले, त्यांच्याविषयी तर कोणाचाच मतभेद असू नये.

१९९५ ची एक कबुली

येथे माझी एक गोष्ट सांगितल्याशिवाय लेख प्रामाणिक होणार नाही. १९९५ च्या रमजानात मी पंचविशीत होतो. त्या वर्षी पांढऱ्या पॉपलिनचा माल वेळेवर आला नाही. ईद आठवड्यावर आलेली. मी चलाखी केली. शेजारच्या दोन दुकानांत शिल्लक असलेले अकरा तागे गुपचूप उचलले. जे कापड २८ रुपये मीटरने विकले जात होते ते ४५ ने विकले. लोकांनी कुरकुरत घेतले, कारण ईदला पोरांना नवे कपडे हवेच होते. मीटरमागे १७ रुपये जादा, सव्वादोनशे मीटरला पावणेचार हजारांच्या वर गेले. मी खुशीत होतो.

चांदरातीला आमच्या गल्लीतले शिलाईचे मास्टर अब्बांकडे आले. ते भावाबद्दल एक शब्दही बोलले नाहीत. एवढेच म्हणाले की तीन घरांनी कुर्ता-पायजम्याऐवजी नुसता कुर्ताच शिवायला टाकला आहे. अब्बांना उलगडा झाला. त्यांनी मला वही घेऊन बसविले, कोणाला किती मीटर दिले ते लिहायला लावले, आणि ईदच्या दुसऱ्या दिवसापासून मला घरोघर पाठविले. पाच मीटर नेणाऱ्याला ८५ रुपये परत. मी शरमेने मेल्यासारखा झालो. मी विचारले, "अब्बा, यात मी खोटे काय बोललो?" ते म्हणाले, "कापड गावातच होते. तू ते आणले नाहीस, लपवलेस."

ज्यांची नावे वहीत नव्हती त्यांचा हिशेब अब्बांनी गरिबांत वाटला. आणि हे दान नव्हे, आपल्या नावावर सवाब धरू नकोस, असेही बजावले.

आपल्या दारातील तिकिटे

मैफलीचे तिकीट आपल्यापैकी फार थोडे लोक घेत असतील. परंतु हाच व्यवहार वेगळ्या रूपात आपल्या दारात रोज चालतो.

मालेगाव-भिवंडीच्या मागांवर काम करणारा उत्तर प्रदेश-बिहारचा कारागीर ईदला घरी निघतो तेव्हा रेल्वेचे आरक्षण संपलेले असते, आणि एजंटाकडे मात्र तिकीट असते. रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १४३ नुसार विनापरवाना तिकिटांचा धंदा करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. इंटरनेटवरून काढलेल्या तिकिटांनाही हे कलम लागू आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये दिला. १ जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळ तिकिटासाठी आधार पडताळणी सक्तीची झाली, तीही याच कारणाने. मागावरच्या कामगाराचे ते तिकीट चैनीचे नाही. वर्षातून एकदा मुलांचे तोंड पाहण्याचे आहे.

दुसरे उदाहरण उरुस-यात्रांतील जागांचे. एखादा वजनदार माणूस चार जागा आपल्या नावावर घेतो. बांगडीवाला, खेळणीवाला, टोपी-अत्तरवाला उशिरा पोहोचतो आणि त्याच जागेचे तिप्पट भाडे भरतो. त्या जागेवर ना मांडव घातलेला असतो, ना दिव्याची सोय. छोट्या विक्रेत्याची पाच दिवसांची कमाई जागेतच जाते. आपल्यातले काही लोक हे करतात, आणि आपल्यातलेच त्यात भरडले जातात.

काय करावे?

माझ्या अल्प बुद्धीप्रमाणे काही गोष्टी सुचवितो.

१) स्वतःसाठी तिकीट, जागा, आरक्षण घेतले आणि अडचण आली, तर नियमात बसत असेल तेथे घेतल्या किमतीला द्यावे. यात कमीपणा नाही. रेल्वेचे तिकीट मात्र रद्द करावे. ते दुसऱ्याला विकता येत नाही.

२) मुळातच विकण्याच्या नीयतीने गिऱ्हाइकांच्या रांगेत उभे राहू नये. ती रांग वापरणाऱ्यांची असते.

३) मधल्या माणसाने मेहनताना घ्यावा, पण तो कामाचा आणि आधी सांगितलेला असावा. फॉर्म भरून दिला, जाऊन-येऊन केले, त्याची मजुरी ठरवून घ्यावी. टंचाईची किंमत घेऊ नये.

४) हातात नसलेली वस्तू विकू नये.

५) विकणाऱ्या संस्थांनीही काळजी घ्यावी. याच कार्यक्रमात वाद्यवृंदाने सुमारे दोन हजार रुपयांची काही तिकिटे नंतर काढली. ती एकाला जोडीनेच मिळत, जास्तीत जास्त दोन. आणि जागा कोणती ते कार्यक्रमाच्या दिवशी खिडकीवर कळे. अशा तिकिटाचा काळाबाजार करणे कठीण. महाराष्ट्र सायबर विभागानेही नोव्हेंबर २०२४ मध्ये तिकिटावर घेणाऱ्याचे नाव असावे आणि प्रवेशावेळी ओळखपत्र तपासावे, असे सुचविले होते. उरुस-यात्रांच्या जागा देतानाही असे करता येईल. जागा ज्याच्या नावावर, दुकान त्यानेच मांडावे, एवढा एक नियम पाळला तरी पुष्कळ होईल.

शेवटी पुतण्याविषयी. १९९५ ची हकीकत मी त्याला सांगितली. तो बराच वेळ गप्प होता. चारपैकी दोन तिकिटे त्याने कचेरीतल्या ओळखीच्या मुलाला दिली होती. त्याला २१ हजार परत केले. उरलेली दोन अनोळखी माणसाने नेली, त्याचा फोन आता लागत नाही. ते २१ हजार पाकिटात घालून आमच्या कपाटात ठेवले आहेत. पुतण्याला माझे म्हणणे अजून पूर्ण पटलेले नाही. "अब्बाजान होते म्हणून तुम्ही परत केले, स्वतःहून केले नसते," असे तो म्हणतो, आणि ते खरे आहे. पण त्या ईदला कुर्त्यांचा माल आम्ही त्या पैशाने भरला नाही. सुरतेच्या व्यापाऱ्याकडून महिन्याच्या उधारीवर आणला, आणि उधारी वेळेवर फेडली.